अंतरपट की आडपडदा?

ग्रंथाला प्रस्तावना असावी की नसावी, नाटकाला नांदी हवी की नको, वक्त्याची ओळख करून देताना अध्यक्षांनी किती बोलावे, हे प्रश्न आमच्या वाङ्मयीन जगात जुने आहेत. आणि त्यांचा निकाल अद्याप लागलेला नसला तरी त्यांवर वाद करण्याची रीत आपणांस चांगली अवगत आहे. आज आम्ही जिच्याविषयी लिहीत आहोत ती प्रस्तावना मात्र कोणत्याही ग्रंथाची नव्हे. ती आपणां सर्वांच्या खिशात असते, दिवसातून अनेकदा आपल्यापुढे येते, आणि तिजवर टीकेचा एखादा परिच्छेद कोणी मराठीत लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. फोनवरील एखादे अ‍ॅप उघडले असता, प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वी, एक रंगीत पान काही क्षण पडद्यावर राहते. त्याच्या मध्यभागी बोधचिन्ह असते. खाली कधी घोषवाक्य, कधी सणावाराच्या शुभेच्छा. सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला ‘स्प्लॅश स्क्रीन’ असे म्हणतात. हे पान असावे काय, असल्यास किती वेळ असावे, आणि कोणाच्या सोयीसाठी असावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय क्षुल्लक आहे असे वाचक म्हणतील. आम्हीही तसेच म्हणत होतो. परंतु गेल्या आषाढात एका रात्री, साडेअकराच्या सुमारास, मुलुंडला आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांस एकाएकी धाप लागली. त्यांचे चिरंजीव परदेशी असतात, म्हणून आम्हीच त्यांना घेऊन, त्यांचे नेहमीचे डॉक्टर जेथे आहेत त्या घाटकोपरच्या रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी त्यांस तत्काळ आत घेतले आणि आम्हांस अनामत रक्कम भरण्यासाठी खिडकीपाशी पाठविण्यात आले. आम्ही फोन काढून आमच्या बँकेचे अ‍ॅप उघडले. पडद्यावर निळसर आकाश आले. आकाशात एक कळी आली. तिची एकेक पाकळी सावकाश उमलली, पाकळ्यांचे बोधचिन्ह झाले, आणि त्याखाली, बँक सदैव आमच्या सोबत आहे, अशा अर्थाचे वाक्य अक्षराअक्षराने उमटले. ते मावळते न मावळते तोच गृहकर्जाची जाहिरात आली. तिच्या कोपऱ्यात ‘वगळा’ हा शब्द मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होता. आमच्या मागे रांगेत पाच-सहा माणसे उभी होती. त्यांतील एका बाईच्या कडेवर तापाने फणफणलेले मूल होते, आणि ती बाई आमच्या फोनवरील ती उमलती कळी आमच्या खांद्यावरून पाहत होती.

शेजारी चार दिवसांनी सुखरूप घरी आले. पुढे एकदा आम्ही घड्याळ लावून पाहिले, तेव्हा कळीपासून कामाच्या पानापर्यंत अकरा सेकंद गेल्याचे आढळले. या अकरा सेकंदांनी कोणाचे काही बिघडले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि त्या वेळी आम्हांस जो राग आला तो विलंबाचा नव्हता, एवढे आम्हांस निश्चित आठवते. उपनगरात तीस वर्षे राहिलेल्या माणसास विलंब सोसण्याची सवय असते. मग तो राग कशाचा होता? या प्रश्नाचा माग काढीत गेलो तो हा लेख लिहिण्याची पाळी आली.

प्रथम या वस्तूस नाव दिले पाहिजे. ‘स्प्लॅश’ म्हणजे पाण्याचा शिपका उडणे. ज्याने हे नाव ठेवले त्याच्या मनात एकदम अंगावर येणारे काहीतरी असावे. आम्हांस त्याहून नेमका शब्द आपल्याच घरात सापडतो, तो म्हणजे अंतरपट. लग्नघरातील तो प्रसंग वाचकांनी आठवावा. दोन पाटांवर समोरासमोर उभी असलेली वधूवरे, मध्ये धरलेले पांढरे वस्त्र, त्यावर कुंकवाने रेखलेले स्वस्तिक, भोवती मुठीत अक्षता धरून दाटलेले आप्तेष्ट, आणि वर चढत जाणारा मंगलाष्टकांचा सूर. हा पट कशासाठी धरलेला असतो? मुहूर्ताची वेळ यावयाची असते, म्हणून. पटामागे काही तरी खरोखरच व्हावयाचे आहे आणि ते अद्याप झालेले नाही, एवढेच तो सांगतो. आणि वेळ भरताच तो दूर होतो. त्या पटास स्वतःचा असा काही अभिमान नसतो.

याच प्रसंगाची दुसरी बाजूही सर्वांस ठाऊक आहे. एखाद्या लग्नात वधूकडील दोन आत्या आणि वराकडील एक मावशी स्वरचित मंगलाष्टके लिहून आणतात. प्रत्येकीत दोन्ही घराण्यांतील सर्व काकांची नावे गुंफलेली असतात. मुहूर्त टळून जातो, भटजी घड्याळाकडे पाहतात, पट धरणाऱ्यांचे हात भरून येतात, मागील रांगांत अक्षता घामाने चिकट होतात, आणि मावशींचे सहावे कडवे सुरूच असते. या दोन अवस्थांमध्ये वस्त्र तेच, पाट तेच, माणसेही तीच. फरक एवढाच की पहिल्या अवस्थेत पट मुहूर्तासाठी धरलेला असतो आणि दुसऱ्या अवस्थेत मावशींसाठी. आमच्या बँकेच्या कळीत आम्हांस त्या मावशींचा सूर ऐकू आला होता. पण हा केवळ आमचा संशय होता. खरे काय ते जाणकारास विचारणे प्राप्त होते.

आमचा एक जुना विद्यार्थी अंधेरीस सीप्झमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. हे निर्यातक्षेत्र १९७३ साली स्थापन झाले, आणि या देशातील सॉफ्टवेअरचा धंदा ज्या थोड्या ठिकाणी प्रथम रुजला त्यांत त्याची गणना होते. एका रविवारी तो घरी आला असता आम्ही आपले गाऱ्हाणे त्याच्यापुढे मांडले. त्याने प्रथम आमचीच शाळा घेतली.

त्याचे म्हणणे असे : “सर, पट मुळी काढून टाकता येत नाही. अ‍ॅप बंद असते तेव्हा ते फोनच्या साठ्यात नुसते पडून असते. तुम्ही बोट ठेवल्यावर फोनला त्यासाठी जागा करावी लागते, त्याची सामग्री साठ्यातून उचलून स्मृतीत आणावी लागते, ती जुळवावी लागते, आणि मग पहिले पान रंगवावे लागते. याला आम्ही थंड सुरुवात म्हणतो. एकदा उघडलेले अ‍ॅप स्मृतीत राहिले असेल तर दुसऱ्या खेपेस ते चटकन येते. थंड चुलीवरचा स्वयंपाक आणि गरम तव्यावरची पोळी, इतका हा फरक आहे. तेवढ्या वेळात पडद्यावर काहीच दाखवले नाही तर माणसाला वाटते, फोन अडकला. तो पुनःपुन्हा बोट आपटतो. त्यापेक्षा आम्ही एक चित्र दाखवतो. ते पाहून त्याला दोन गोष्टी कळतात : बोट लागले आहे, आणि योग्य ठिकाणी लागले आहे.”

या युक्तिवादात तथ्य आहे हे आम्ही तत्काळ कबूल केले. किंबहुना त्याच्या पुष्टीस त्याला ठाऊक नसलेला एक आधार आम्हीच पुरवला. भरताच्या नाट्यशास्त्रातील पाचवा अध्याय पूर्वरंगाचा आहे. नाटकापूर्वी करावयाच्या विधींची तेथे क्रमवार मांडणी आहे, आणि त्यांतील आरंभीचे विधी पडद्याआड करावयाचे असतात : वाद्ये मांडणे, गायकांनी आपापल्या जागी बसणे, वाद्ये सुरात लावणे. आमच्या विद्यार्थ्याने सांगितलेली सामग्रीची जुळवाजुळव ती हीच. मग पडदा दूर होतो आणि पुढे नांदी येते. प्राचीनांनी तयारीची लाज धरली नाही; तिला विधीचे रूप दिले. पण याच अध्यायात भरताने एक इशाराही देऊन ठेवला आहे : पूर्वरंगात गीतनृत्याचा अतिरेक करू नये, कारण त्याने प्रयोग करणारेही थकतात आणि प्रेक्षकही, आणि थकलेल्या प्रेक्षकांस पुढील नाटकाचा रस लाभत नाही. बोधचिन्ह किती वेळ दाखवावे या प्रश्नावर याहून शहाणपणाचा अभिप्राय आम्हांस अन्यत्र आढळला नाही.

आपल्या रंगभूमीचा पुढील इतिहासही याच प्रश्नाभोवती फिरला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले आणि नांदीने आरंभ करण्याचा प्रघात संगीत नाटकांत दृढ झाला. रात्रीच्या रात्री चालणाऱ्या त्या नाटकांस ती शोभत असे. पाच तासांच्या खेळापुढे पाच मिनिटांची नांदी म्हणजे मोठ्या वाड्याची बेताची देवडी. पुढे वास्तववादी गद्य नाटक आले. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले तेव्हा जुने संकेत मोडून काढण्याचा निश्चय त्या मंडळींनी केला होता. आणि त्या वळणाच्या नाटकांत पडदा वर जातो तोच समोर एखाद्या घराचा दिवाणखाना दिसतो, अशी रीत पडली. यात हरले कोण आणि जिंकले कोण, हा वाद आम्ही उकरून काढीत नाही. नांदी गेली तरी तयारी गेली नाही, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे. मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात आजही तीन घंटा होतात. पहिलीला माणसे बटाटेवडा संपवतात, दुसरीला खुर्च्या शोधतात, तिसरीला कुजबुज थांबते. तीन घंटांत कोणाचीही जाहिरात नाही. पण आता किती उरले, हे त्या अचूक सांगतात.

चित्रपटांची गोष्टही अशीच. १९२९ साली कोल्हापुरास स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीची तुतारी फुंकणारी ललना ज्यांनी पडद्यावर पाहिली आहे, त्यांस ते बोधचिन्ह काढून टाकावे असे कधीही वाटले नसेल. ते डोळ्यांत भरे, कानांत घुमे, आणि संपे. त्यानंतर दोन-अडीच तासांचा चित्रपट असे. येथे आम्हांस या प्रकरणातील पहिले तत्त्व हाती लागते, ते प्रमाणाचे. १९९० साली फोटोशॉप हे चित्रे सुधारण्याचे सॉफ्टवेअर प्रथम बाजारात आले. त्याच्या आरंभपटावर ते घडविणाऱ्या चार जणांची नावे होती. पुढे कर्त्यांची यादी वाढली, आणि सीतारामन नारायणन या भारतीय अभियंत्याचे नाव त्या पटावर वर्षानुवर्षे वाचून जगभरच्या चित्रकारांस ते ओळखीचे, किंबहुना जिव्हाळ्याचे झाले. हे वाचून आम्हांस आनंदच झाला. पुस्तकावर लेखकाचे नाव असावे तसे यंत्रावर कारागिराचे असावे; आणि जो चित्रकार सकाळी ते सॉफ्टवेअर उघडून संध्याकाळपर्यंत त्यात काम करतो, त्याने अर्धे मिनिट कारागिरांची नावे वाचली तर त्यात कोणाचाही तोटा नाही. परंतु बोरिवलीच्या बाजारात भाजीवाल्या मावशींना चाळीस रुपये देण्यासाठी उघडलेले अ‍ॅप वीस सेकंदांत बंद व्हावयाचे असते. त्यापुढे पाच सेकंदांची पाकळी म्हणजे चार ओळींच्या पत्राला एका पानाची प्रस्तावना.

आम्ही हे बोलून दाखविल्यावर आमच्या विद्यार्थ्याने फोन हातात घेतला, आपल्या संगणकास जोडला, आणि थोड्या वेळाने किंचित ओशाळून म्हणाला, “सर, अकरांपैकी सहा सेकंद खरे आहेत. तुमचा फोन जुना आहे. उरलेले पाच धरून ठेवलेले आहेत.”

“धरून ठेवलेले म्हणजे?”

“म्हणजे अ‍ॅप तयार झाले तरी कळी पूर्ण उमलल्याशिवाय आणि जाहिरात दिसल्याशिवाय पुढचे पान दाखवू नये, अशी घड्याळाची अट घातलेली असते. हे करणारे पुष्कळ आहेत. प्रोग्रॅमर सहसा स्वतःहून करत नाही. विक्री विभागाकडून निरोप येतो की बोधचिन्ह निदान तीन सेकंद दिसले पाहिजे.”

आमच्या रागाचे कारण आम्हांस येथे सापडले. मुहूर्त येऊन गेला होता आणि पट मुद्दाम धरून ठेवलेला होता. इतकेच नव्हे, तर तो मुहूर्ताचाच पट आहे असे भासविले जात होते. पडद्यामागे काम चालू आहे या आमच्या समजुतीवर पडद्यापुढे जाहिरात चालली होती. विलंब क्षम्य असतो. विलंबाचे सोंग क्षम्य नसते. अशा पटास अंतरपट म्हणणे अन्यायाचे होईल. त्यास आपल्या भाषेत दुसरा शब्द आहे, तो म्हणजे आडपडदा.

आता या बाजूने आणखी एक मोठा आक्षेप येण्यासारखा आहे आणि तो टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रायन ब्युएल आणि मायकेल नॉर्टन या हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०११ साली एक निबंध प्रसिद्ध केला. यंत्र आपल्यासाठी काय काय शोधत आहे हे प्रतीक्षेच्या वेळी दाखवीत राहिले, तर वेळ लागूनही माणसे त्या सेवेस अधिक मोल देतात, असे त्यांस प्रयोगांत दिसून आले. तर मग, थोडे थांबविणे हे गिऱ्हाइकासच आवडते असे का म्हणू नये? याला आमचे उत्तर असे की, त्या प्रयोगांत माणसांस आवडले ते थांबणे नव्हे. आपल्यासाठी चाललेले श्रम दिसणे आवडले. खानावळीत स्वयंपाकघर उघडे असेल आणि तव्यावर आपली भाकरी फुगताना दिसत असेल, तर पाच मिनिटे जास्त बसावयास आपली ना नसते. पण भाकरी होऊन ताटात पडलेली असताना वाढप्याने ती पाठीमागे धरून खानावळीच्या मालकाचे स्तोत्र म्हणू लागावे, हे त्याच निबंधाच्या आधारे कोणी समर्थनीय ठरवील असे वाटत नाही.

प्रतीक्षेच्या मानसशास्त्राविषयी अधिक मार्मिक असे जे काही आहे ते उपनगरातील माणसास पुस्तकावाचून कळते. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली रांगांच्या मानसशास्त्रावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. किती वेळ थांबावे लागेल हे ठाऊक नसले की थोडा वेळही लांब वाटतो, असे त्यातील एक सूत्र आहे. अंधेरीच्या फलाटावर उभा राहणारा कोणताही मनुष्य हे सूत्र इंडिकेटरकडे पाहून सांगू शकेल. गाडी कोठली, धिमी की जलद, डबे किती आणि मिनिटे किती, एवढे त्यावर दिसले की मनुष्य निमूटपणे वर्तमानपत्र उघडतो. मिनिटांचा आकडा गेला आणि ‘विलंबाने धावत आहे’ एवढीच घोषणा होऊ लागली की तोच मनुष्य रुळांकडे वाकून पाहू लागतो. त्याच १९८५ साली ब्रॅड मायर्स या संगणकशास्त्रज्ञाने, काम शेकडा किती झाले हे दाखविणारी पट्टी माणसांस हवी असते, हे प्रयोगाने दाखवून दिले.

ही पट्टी आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे, हे मात्र आम्ही विसरलो आहो. लग्नघरात पूर्वी घटिकापात्र मांडीत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडावयाची. पाणी थेंबाथेंबाने आत येई, आणि चोवीस मिनिटांनी, म्हणजे एका घटकेने, ती बुडे. ती किती भरली हे लहान मूलही वाकून पाहू शकत असे. अंतरपटाशेजारी घटिकापात्र असावे, यात आमच्या पूर्वजांचे फार मोठे सौजन्य होते. आम्ही थांबवितो आहोत, आणि किती थांबावयाचे ते तुमच्याही डोळ्यांपुढे आहे, असा त्याचा अर्थ होतो. काम खरोखरच लांबणार असेल तर अ‍ॅपनेही कळी बाजूस ठेवून अशी वाटी दाखवावी.

ज्यांच्या हाती या धंद्याची सूत्रे आहेत त्यांनीही हे ओळखलेले दिसते. अ‍ॅपल कंपनीच्या मार्गदर्शिकेत आरंभपट हे नाममुद्रा मिरविण्याचे स्थान नव्हे, असा स्पष्ट उपदेश आहे. तो पट अ‍ॅपच्या पहिल्या पानासारखाच दिसावा, म्हणजे पहिले पान जणू लगेच आले असे वाटेल, असेही तीत म्हटले आहे. हे वाचताना आम्हांस ज्ञानेश्वरीच्या आरंभीचे गणेशरूपक आठवले. तेथे मंगलाचरण म्हणून गणेशाची मूर्ती उभी केली आहे, पण त्या मूर्तीचे अवयव म्हणजे वेद, स्मृती, पुराणे, दर्शने. वंदन करता करता श्रोता विषयात शिरलेला असतो. उंबरा आणि घर एकाच दगडाचे आहेत. त्याच मार्गदर्शिकेत दुसरा एक बारीक सल्ला आहे : या पटावर अक्षरे घालू नयेत, कारण ती वापरणाऱ्याच्या भाषेनुसार बदलत नाहीत. मराठी निवडलेल्या फोनवर प्रथम इंग्रजी घोषवाक्य भेटते याचे एक कारण वाचकांस यावरून कळेल. गूगलने २०२१ साली अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीत आणखी पुढचे पाऊल टाकले. अ‍ॅपची थंड सुरुवात होत असता फोन स्वतःच त्याचे बोधचिन्ह दाखवितो आणि पहिले पान रंगविले जाताच ते बाजूस घेतो. हा आमच्या मते खरा अंतरपट होय : कुंकवाचे स्वस्तिक आहे, पण मावशी नाहीत. खेदाची गोष्ट ही की त्या पटानंतर आपला जुना पट पुन्हा धरणारी अ‍ॅपे अजूनही आढळतात, आणि गिऱ्हाइकास एकाच लग्नात दोन अंतरपट पाहावे लागतात.

येथवर वाचून कोणी म्हणेल, पाच सेकंदांसाठी भरतमुनींपासून ज्ञानेश्वरांपर्यंत सर्वांस साक्षीला बोलाविण्याचे कारण काय? प्रथम हिशेब करू. तीन सेकंदांचा आडपडदा मनुष्याने दिवसातून दहा वेळा पाहिला, तर वर्षाकाठी सुमारे तीन तास होतात. एक तीन अंकी नाटक पाहून होईल एवढा हा वेळ आहे. पण हा हिशेब आम्हांस दुय्यम वाटतो. मुख्य गोष्ट निराळी आहे आणि ती आमच्या विद्यार्थ्याने जाता जाता सांगितली.

ज्याचा फोन महाग, त्याची स्मृती मोठी. एकदा उघडलेली अ‍ॅपे तीत दिवसभर जागी राहतात, आणि त्याच्या वाट्यास थंड सुरुवात क्वचित येते. ज्याचा फोन स्वस्त किंवा जुना, त्याच्या स्मृतीत जागा नसते. एक अ‍ॅप उघडले की दुसरे बाहेर ढकलले जाते, आणि प्रत्येक वेळी चूल नव्याने पेटवावी लागते. त्यामुळे तोच पट एकास महिन्यातून दोनदा दिसतो आणि दुसऱ्यास दिवसातून वीसदा. आमच्या घरी स्वयंपाकास येणाऱ्या बाई, घाटकोपर स्थानकाबाहेरचा रिक्षावाला, बोरिवलीच्या त्या भाजीवाल्या मावशी, यांचा फोन आधीच सावकाश चालतो. त्यावर पुन्हा पाच सेकंदांची कळी लादली जाते. ज्याने ही अट घातली तो वातानुकूलित खोलीत नव्या फोनवर ती पाहून “छान दिसते” म्हणाला असेल. घड्याळाच्या अटीत कोणाचेही नाव लिहिलेले नसते, पण ती वसूल होते प्रामुख्याने ज्याच्यापाशी देण्यास थोडे आहे त्याच्याकडून. रुग्णालयाच्या त्या खिडकीपाशी आमच्यामागे उभ्या असलेल्या बाईच्या हातातही एक फोन होता, काच तडकलेला. तिची पाळी आली तेव्हा तिला किती वेळ थांबावे लागले ते पाहण्यास आम्ही तेथे नव्हतो.

तेव्हा आमचा निर्णय असा. आरंभपट असावा, तो मुळीच नसावा हे म्हणणे तयारीचे अस्तित्वच नाकारण्यासारखे आहे, आणि कोरा पडदा माणसास अधिक भिववितो. त्यावर छोटेसे चिन्ह असावे, म्हणजे आपण योग्य दारी आलो हे कळते. परंतु पटामागे काम चालू असेल तोवरच तो राहावा आणि काम होताच, कळी अर्धी उमललेली असली तरी, दूर व्हावा. काम लांबणार असेल तर घटिकापात्र मांडावे. आणि त्यावर जाहिरात छापू नये. आजवर आम्ही पुष्कळ लग्नांस गेलो. तेथे आहेराच्या पिशव्यांवर दुकानांची नावे पाहिली, कमानीवर मंडपवाल्याचे नाव पाहिले. पण अंतरपटावर कोणाचेही नाव छापलेले पाहिले नाही. ज्या वस्त्राकडे माणसे अधीर होऊन पाहत असतात ते वस्त्र विकावयाचे नसते, एवढी समज आचाऱ्यापासून बँडवाल्यापर्यंत त्या घरातील प्रत्येकास असते.

आमचा विद्यार्थी हे सर्व ऐकून घेऊन गेला. त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याचा निरोप आला. तो ज्या अ‍ॅपवर काम करतो, आणि जे कोणते हे त्याने आम्हांस सांगितलेले नाही, त्याच्या पटावरही तीन सेकंदांची अट होती. त्याने बैठकीत ती काढून टाकण्याची सूचना केली. विक्री विभागाने हरकत घेतली, बराच खल झाला, आणि शेवटी दीड सेकंदावर तडजोड झाली. उरलेल्या दीड सेकंदासाठी पुढील बैठकीत पुन्हा बोलणार आहे, असे त्याने लिहिले आहे. आणि त्या बैठकीस जाताना हा लेख छापून झाला असल्यास बरोबर नेता येईल, असेही सुचविले आहे. म्हणून तो या अंकास देत आहोत.